जन्मतः एकच किडनी असलेल्या मुलीच्या गर्भाशयाची तपासणी का करायची?

तुमचा प्रश्न असा: मुलगी ८ वर्षांची, जन्मापासून उजवी किडनी नाही, तब्येत उत्तम, तरी डॉक्टर म्हणतात पाळी सुरू होण्याआधी गर्भाशयाची सोनोग्राफी करा. किडनीचा गर्भाशयाशी काय संबंध?

संबंध अगदी जवळचा आहे, आणि डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. गर्भात हे दोन्ही अवयव मध्यस्तराच्या (गर्भातल्या पेशींच्या मधल्या थराच्या) एकाच पट्टीतून तयार होतात आणि दोघांची भिस्त एकाच नळीवर असते. तिला वुल्फियन नळी म्हणतात. उजवीकडे एक, डावीकडे एक.

चौथ्या आठवड्यात ही नळी वरून खाली उतरते. (इथले आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत; सोनोग्राफीच्या रिपोर्टशी ताडून बघायचं तर त्यात २ मिळवा.) पाचव्या आठवड्यात तिच्या खालच्या टोकाजवळ एक कोंब फुटतो आणि शेजारच्या पेशींच्या पुंजक्यात शिरतो. पुंजका जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडून कोंबाला ओढून घेतो. कोंबाला फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी पुंजक्यातल्या पेशींचे नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, बनतात. मूत्रवाहिनी आणि किडनीतल्या गोळा करणाऱ्या नलिका कोंबाच्या, गाळण्या पुंजक्याच्या. कोंब फुटला नाही किंवा पुंजक्यापर्यंत पोचला नाही, तर पुंजकाही विरून जातो. अशा वेळी त्या बाजूला किडनी होतच नाही.

आता गर्भाशय. सहाव्या आठवड्यात वुल्फियन नळीच्या बाहेरच्या अंगाला दुसरी नळी तयार होते, म्युलेरियन नळी. गर्भनलिका, गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग हिच्यापासून होतो. ही नळी स्वतःची वाट स्वतः काढत नाही. वुल्फियन नळीला चिकटून, तिच्याकडून मिळणाऱ्या डब्ल्यूएनटी९बी या संकेतावर ती खाली सरकते. खाली आल्यावर उजवी-डावी मध्यभागी जुळतात आणि मधला पडदा पुढे विरतो. मुलीत टेस्टोस्टेरॉन नसल्याने वुल्फियन नळी नंतर नाहीशी होते. तोवर तिचं काम झालेलं असतं.

म्हणून बिघाड नेमका कुठे झाला यावर सगळं ठरतं. फक्त कोंब फुटला नसेल तर किडनी नाही, पण गर्भाशय अगदी व्यवस्थित असू शकतं. वुल्फियन नळीच अर्धवट राहिली असेल तर शेजारच्या नळीची वाट चुकते. मग त्या बाजूचं अर्धं गर्भाशय होत नाही, किंवा दोन नळ्या न जुळल्याने दोन गर्भाशयं राहतात. एका बाजूची किडनी नसलेल्या साधारण तीनपैकी एका मुलीत असा काही ना काही दोष सापडतो. उरलेल्या दोघींत सापडत नाही, हेही लक्षात असू द्या. बीजांडकोश वेगळ्या जागी तयार होतात, त्यामुळे ते सहसा नीट असतात आणि वयात येणं वेळेवर होतं.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे दोन गर्भाशयं आणि किडनी नसलेल्या बाजूचा योनीमार्ग बंद. एका बाजूने पाळी नियमित येते, म्हणून कुणालाच शंका येत नाही. दुसऱ्या बाजूचं रक्त आत साठत राहतं. दर महिन्याला दुखणं वाढतं, ओटीपोटात गोळा लागतो, कधी लघवी अडते. हे पाळीचं नेहमीचं दुखणं किंवा अपेंडिक्स समजून महिने वाया जातात, आणि उलट्या दिशेने जाणाऱ्या रक्तामुळे एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) होऊ शकतं. वेळेत कळलं तर उपाय बहुतेक वेळा सरळ असतो: अडवणारा पडदा शस्त्रक्रियेने काढतात, दोन्ही गर्भाशयं वाचतात.

तपासणीची वेळ मात्र सांभाळा. आज ८व्या वर्षी सोनोग्राफी केली तर गर्भाशय इतकं लहान असतं की 'दिसलं नाही' या शेऱ्यावरून काहीच ठरवता येत नाही, उगाच घोर लागतो. स्तनांची वाढ सुरू झाली की पाळीला साधारण २ ते अडीच वर्षं असतात. तो काळ उत्तम. लघवीची पिशवी भरलेली ठेवून पोटावरून सोनोग्राफी पुरते, आतून तपासण्याची गरज नाही. शंका राहिली तर एमआरआय.

आणखी एक: 'किडनी नाही' हे कशावरून ठरलं ते जुन्या कागदांत पाहा. किडनी ओटीपोटात तयार होते आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकते. ती खालीच अडकली तर सोनोग्राफीत निसटू शकते. डीएमएसए स्कॅनमध्ये (शिरेतून दिलेलं किंचित किरणोत्सारी औषध किडनीत कुठे साठतं ते दाखवणारी तपासणी) सापडते. झाला नसेल तर विचारा.

असलेल्या किडनीसाठी वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासा. लघवीच्या लक्षणांसह ताप आला, किंवा तापाचं कारणच सापडलं नाही, तर लघवीची तपासणी टाळू नका. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय देऊ नका.

मुलीला समजेल अशा भाषेत हे तिलाही सांगून ठेवा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: 'उजवी किडनी जन्मतः नाही'. पाळीच्या दिवसांत पोट दुखतं म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर हे वाक्य सर्वांत आधी सांगा.