शिक्का तर बसणारच

दादर, मुंबई

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

टपाल तिकिटासाठी काढलेलं तुझं चित्र मिळालं. जीपीओचा, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाचा घुमट, कबुतरं, सायकलवरचा पोस्टमन, मागे पावसाळी ढग. मन लावून काढलंयस. आता झेरॉक्सवाल्याकडे जा आणि ते साधारण ३.९ बाय २.९ सेंटीमीटरचं करून आण. मग मला कबुतरं शोधून दाखव.

मीही याच चुकीत सापडलो होतो. एका समाजसुधारकाच्या उपरण्याची जर रंगवण्यात तीन रात्री घालवल्या. छापून आली तेव्हा ती एक पिवळट रेघ होती. तेव्हापासून मोठं चित्र काढताना शेजारी तिकिटाएवढी चौकट कापलेला पुठ्ठा ठेवतो आणि त्या मापाचं रेखाटन आधी करतो. वयानं नजर अधू झाली, पण सवय राहिली.

विषय आपण ठरवत नाही. सूचना टपाल खात्याकडे येतात, टपाल तिकिटांबाबत सल्ला देणारी फिलाटेलिक सल्लागार समिती त्यांवर विचार करते, वरून मंजुरी मिळते. तेव्हा कुठे चित्राचं काम सुरू होतं. त्यातही ‘भारत’ आणि ‘INDIA’, किंमत आणि वर्ष येणारच. ही जागा आधी सोड. चित्र झाल्यावर किंमत कोपऱ्यात कोंबलेली लगेच कळते.

आणि शिक्क्याचा विचार कर. १८४० च्या पेनी ब्लॅकची, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाची गोष्ट मला फार आवडते. ब्रिटिश सरकारनं आदल्या वर्षी लोकांकडून कल्पना मागवल्या, सुमारे २,६०० आल्या, पण त्यातली एकही जशीच्या तशी वापरली नाही. शेवटी विल्यम वायन यांच्या पदकावरून व्हिक्टोरिया राणीचा चेहरा घेतला. कारण व्यवहारी होतं: ओळखीच्या चेहऱ्यात नक्कल करणाऱ्यानं जरा फरक केला, तरी डोळ्यांना खटकतो. पण काळ्या तिकिटावर मारलेला लाल शिक्का लोक पुसून तिकीट पुन्हा चालवू लागले. म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लाल झालं आणि शिक्का काळा. रंग ठरवला तो शिक्क्याच्या शाईनं! तुझा ढग गडद राखाडी आहे, त्यावर काळा शिक्का पडला की काय उरेल ते बघ.

आपलं स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं. मुख्य म्हणजे फडकणारा झेंडा आणि ‘जय हिंद’.

तुझा घुमट ठेव. विजापूरच्या गोल घुमटाशी नातं सांगणारी ती बाहेरची रेघ छोट्या मापातही ओळखू येते. पोस्टमन की घुमट, यातलं एक निवड. मी असतो तर पोस्टमन काढला असता, पण हट्ट नाही.

शनिवारी जीपीओतल्या फिलाटेली ब्युरोत भेटू. लहान केलेलं चित्र घेऊन ये. भिंग आणू नकोस.

तुझा,
काका