गच्चीवरचे इन्सुलेशनचे फोम बोर्ड काम चालू असताना भिजले, तर वाळवून वापरता येतात का?

तुमच्या प्रश्नावरून परिस्थिती अशी दिसते: गच्चीवर ५० मिमीचे बोर्ड अर्धे अंथरून झालेत, उरलेल्यांची कोपऱ्यात थप्पी आहे, मध्येच वळवाची सर येऊन गेली आणि ठेकेदार म्हणतोय, "साहेब, फोमच आहे, वाळेल." त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. बोर्ड वाळेलही. पण बोर्डाखाली शिरलेलं पाणी कुठून बाहेर पडणार, हे त्याला विचारा.

आधी बोर्ड कोणता आहे ते बघा. निळा, गुलाबी किंवा हिरवट, कापल्यावर एकसंध दिसणारा असेल तर तो एक्सपीएस, म्हणजे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन. त्याचे कप्पे बंद असतात, दिवसेंदिवस पाण्यात बुडवून ठेवला तरी आकारमानाच्या जेमतेम एक टक्का पाणी पितो. पांढरा दाणेदार म्हणजे ईपीएस (हेही पॉलिस्टायरीनच), आपला थर्माकोल. याच्या दाण्यांमधल्या फटींतून पाणी शिरतं, तीन-चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पिवळसर, दोन्ही बाजूंना फॉइल किंवा कागद असलेला पीयूएफ किंवा पीआयआर, म्हणजे पॉलियुरेथेनच्या जातीचा फोम. त्याची पाठ-पोट सुरक्षित, पण करवतीने कापलेल्या कडा उघड्या असतात, त्या भिजू देऊ नयेत.

नुसत्या हाताने चाचपून काही कळत नाही, सरळ वजन करा. १२५० बाय ६०० चा, ५० मिमी जाडीचा एक्सपीएस बोर्ड, घनता घनमीटरला ३४ किलो धरली, तर कोरडा सव्वा किलोच्या आसपास भरतो. किराणा दुकानातला काटासुद्धा पुरतो. पावणेदोन किलो भरला तर अर्धा लिटर पाणी त्याने कुठेतरी धरलंय. पुसून, सावलीत उभा करून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. वजन उतरलं तर पाणी वरवरचं होतं. थर्माकोल वाळायला बराच वेळ घेतो, आणि तो वजनाने जड लागत असेल तर मी गच्चीसाठी वापरणार नाही. पाणी हवेपेक्षा वीसेक पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं.

आता खरा मुद्दा. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली आहे की वर? खाली असेल आणि वर एक्सपीएस नुसता मांडलेला असेल, तर एका सरीने फार बिघडत नाही. स्लॅबला ढाळ असेल (शंभराला एक तरी हवाच) तर पाणी बोर्डाखालून पन्हळीकडे निघून जातं. ही पद्धत सहसा एक्सपीएसलाच चालते. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या वर येणार असेल, तर मात्र खाली कोंडलेल्या पाण्याला वाट राहत नाही. उन्हात त्याची वाफ होते आणि मेंब्रेनला, म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या चादरीला, फुगे येतात. पुढच्या वर्षी गळती नेमकी कुठून, हे शोधण्यात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

म्हणून अशा कामात माझा एकच आग्रह असतो: दिवसभरात जेवढं झाकून बंद करता येईल तेवढेच बोर्ड अंथरायचे. मुकादमाला हे आवडत नाही, कारण त्याला सगळी गच्ची एकदम भरून दाखवायची असते. संध्याकाळी काम थांबवताना उघड्या कडेवर मेंब्रेनची पट्टी स्लॅबपर्यंत उतरवून चिकटवायची, सकाळी तेवढी कापून पुढे जायचं. बोर्ड टाकण्याआधी स्लॅब कोरडा आहे का, यासाठी दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. वाफे करून पाणी साठवण्याची चाचणी नुकतीच झालेली असेल, तर हे हमखास दिसतं.

थप्पीबद्दल. कंपनीचं प्लॅस्टिक वेष्टन पावसासाठी नसतं, त्याच्या आत उलट ओल साचते. बोर्ड लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून चार इंच वर, आडवे ठेवा, वरून वजन द्या, नाहीतर वादळी वाऱ्यात शेजारच्या गच्चीवर सापडतील. झाकायला पांढरी किंवा चंदेरी ताडपत्री घ्या, काळं मेणकापड नको. पॉलिस्टायरीन ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली बोर्ड वाकडे झालेले मी पाहिलेत. उघडे ठेवले तरी आठवड्यांत वरचा थर पिवळट होऊन भुकटी सुटते, त्याला मग काही चिकटत नाही. भिजलेले बोर्ड वाळवायला उन्हात पसरू नका, याचंही कारण हेच. आणि थर्माकोल किंवा एक्सपीएस असेल तर सॉल्व्हंटवाला डांबरी प्रायमर जवळ आणू नका, फोम विरघळतो.

तुमच्या बाबतीत आज एवढंच करा: पन्हळीजवळचे, म्हणजे ढाळाच्या खालच्या टोकाचे दोन-तीन बोर्ड उचला. खाली स्लॅब नुसता दमट असेल तर तेवढाच पट्टा उघडा ठेवून वाळवा. पाणी साचलेलं दिसलं तर अंथरलेले सगळे उचलायला लावा, आणि ती मजुरी वाढीव बिलात घालू देऊ नका. कामाच्या वेळी गच्ची झाकणं हे ठेकेदाराचंच काम असतं.