पातळ होतंय म्हणजे जुलाबच असं नाही

प्रश्न (धंतोली, नागपूर): सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच आहेत, दुखण्याला ट्रामाडॉल चालू आहे. ८ दिवस पोट साफ नाही अन् कालपासून चादरीवर पातळ गळून राहिलं. जुलाब थांबवायची गोळी देऊ का?

उत्तर: नका देऊ ताई! ट्रामाडॉलनं आतडी सुस्तावतात, वरून आपल्या नागपूरचं ऊन, पाणी कमी पडतं, मग आत सुकलेल्या शौचाचा खडा अडकतो अन् बहुतेक त्याच्याच कडेनं हे पातळ झिरपतंय, त्यात लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) दिलं तर तो अजून घट्ट बसेल. इसबगोलही आत्ता नको. आजच डॉक्टरांना बोलवा, ते बोटानं तपासून सपोझिटरी (शौचाच्या जागेतून आत ठेवायची गोळी) की एनिमा ते ठरवतील. लॅक्टुलोजला (पोट साफ करायचं पातळ औषध) १-२ दिवस लागतात, ते पुढच्यासाठी. उलट्या झाल्या किंवा पोट फुगून टणक झालं तर थेट दवाखान्यात न्या.