हाक मारली की चिंगी पळते का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिंगी आठ महिन्यांची गावठी कुत्री, रस्त्यावरून आणलेली, घरात येऊन दीड महिना झाला. घरात 'बस' म्हटलं की बसते, पण सोसायटीच्या आवारात पट्टा सुटला की हाकेला ढुंकून बघत नाही, गाड्यांखाली जाऊन बसते. नऊ वर्षांच्या मुलाने तिचं हाड काढून घ्यायला हात घातला तर गुरगुरली. आणि ट्रेनर म्हणतो की ती डोक्यावर बसली आहे, उताणी पाडून दाबून धरा, गळ्यात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घाला, मालक कोण ते कळू दे.

चोक चेन आजच काढून ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

हे 'डोक्यावर बसणं' आलं कुठून ते ऐका. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने 1947 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेले लांडगे, मारामाऱ्या होणारच. त्यावरून कळपाचा म्होरक्या दंडेलीने ठरतो अशी समजूत झाली आणि 1970 मध्ये लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पुढे याच डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. आपल्याकडचे बरेच ट्रेनर अजून 1970 मध्येच आहेत. आणि मुळात चिंगी लांडगा नाही. तिच्या कित्येक पिढ्या माणसांच्या वस्तीत, उकिरड्यावर आणि चहाच्या टपरीमागे वाढल्या. कोण दगड उचलणार आणि कोण पोळी टाकणार हे लांबून ओळखता येण्यावर तिचं पोट होतं. तिला उताणी पाडून दाबलंत तर ती तुम्हाला दगड उचलणाऱ्यांत टाकेल. शिवाय त्या वेळी तुमचा चेहरा तिच्या दातांपासून वीतभर लांब असेल, हेही लक्षात घ्या.

पोर्तुगालमध्ये वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो 2020 मध्ये छापून आला. जिथे झटके, ओरडा, दाबून धरणं चालायचं तिथल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. साखळीने कुत्रं गप्प होतं, हे खरं आहे. लोक त्यालाच 'शिकलं' म्हणतात.

आता हाकेचं. 'चिंगी, ये!' म्हटल्यावर पुढे काय काय होतं ते एकदा आठवून बघा. पट्टा लागतो. खेळ संपतो, घरी जावं लागतं. कधी आंघोळ, कधी गोचिडांचं औषध. उशिरा आली तर वर ओरडा. तिने हिशोब बरोबर मांडला आहे: हाक आली की मजा संपते. तिला हाक कळत नाही असं नाही, फार चांगली कळते.

म्हणून ही हाक आता मोडीत काढा आणि नवा शब्द घ्या. 'इकडे', 'आलेऽ', शिट्टी, काहीही. घरातल्या सगळ्यांनी एकच वापरायचा. हा शब्द उच्चारला की चिकन मिळतं, हे आधी घरातच पक्कं होऊ दे. पहिले काही दिवस ती शेजारी उभी असतानाच म्हणा आणि तुकडा द्या. मग दुसऱ्या खोलीतून, मग जिन्यात, मग पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये. दूधवाले, शाळेच्या बस, पलीकडच्या गल्लीतली कुत्री यांच्या गर्दीत एवढ्यात परीक्षा घेऊ नका.

हे करताना हात कसे चालतात ते सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. ती काहीतरी हुंगत असताना एकदाच शब्द म्हणा. तिचा कान वळला, मान तुमच्याकडे फिरली की त्या क्षणी 'शाब्बास!' ती पोचल्यावर नाही, मान फिरली तेव्हा. लगेच दोन-चार पावलं मागे पळा. पुढे धावलात तर ती लांब जाईल, मागे पळालात तर तुमच्यामागे येईल. आली की हरभऱ्याएवढे चार-पाच तुकडे एकामागून एक, खाली पायाशी. ती खात असताना दोन बोटांनी गळपट्ट्याला हात लावा आणि सोडून द्या. आणि मग 'जा!' म्हणून पुन्हा हुंगायला पाठवा. हे पाठवणं विसरलात तर बाकी सगळं फुकट. दहातल्या आठ-नऊ वेळा हाकेनंतर खेळ परत सुरू व्हायला हवा. आली नाही तर त्याच शब्दाचा जप करत बसू नका. चालत जा, न रागावता पट्टा लावा आणि पुढच्या वेळी अंतर कमी करा.

तुकडे मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे. घरात मांसाहार नसेल तर पनीर. ग्लुकोज बिस्किटं नकोत. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण कुत्र्याला विषारी, तेवढं घरच्या आज्यांना सांगून ठेवा, प्रेमाने शिरा भरवतात त्या. जेवढं ट्रीटमध्ये गेलं तेवढं जेवणातून कमी करा, पण शिकावं म्हणून उपाशी ठेवू नका. भुकेने कासावीस कुत्रं हातावर झडप घालतं, शिकत काही नाही.

'ही तर लाच झाली' असं तुमचे मिस्टर म्हणतात असं लिहिलंय. तुकडा आधी दाखवून बोलावलं तर लाचच. म्हणून हात खिशात, तुकडा दिसता कामा नये, काम झाल्यावर द्यायचा. हाक पक्की झाली की कधी तुकडा, कधी नुसती पाठ खाजवणं, कधी बॉल, असं अनिश्चित करत न्या. मात्र रस्त्याच्या कडेची हाक कायम चिकनचीच ठेवा.

आणि सगळं खाण्यावरही सोडू नका. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेतल्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना अनोळखी माणूस जास्तीचं खाणं देई, काहींच्या डोक्यावरून हात फिरवी. पुन्हा पुन्हा भेटी झाल्यावर त्या माणसाजवळ जाऊन त्याच्या हातून खायला कोण अधिक तयार झालं, तर ज्यांना हात मिळाला ती. चिंगी याच कुळातली आहे. फक्त हात तिच्या मर्जीने फिरवा: मानेखाली, छातीवर, तीनेक सेकंद, मग थांबा. नाक लावून आणखी मागितलं तर पुढे. मान वळवली, ओठ चाटले, उगाच जांभई दिली तर आत्ता नको. मुलाला हे आजच शिकवा, मुलं पटकन शिकतात. वरून वाकून मिठी मारायची नाही हेही.

गुरगुरण्याबद्दल तिला अजिबात शिक्षा करू नका. ती सांगून सावध करते आहे, हे तुमचं भाग्य. गुरगुरणं मारून बंद केलं की पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. हाडावर ताठ होऊन थांबणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं या त्याआधीच्या खुणा. तिथेच माणसाने मागे सरायचं. शिजवलेली हाडं तशीही बंद करा, फुटून घशात आणि आतड्यात टोचतात. तिच्या भांड्याजवळून जाताना दोन हात लांबूनच चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता निघून जा. तुम्हाला येताना बघून ती शेपूट हलवत मान वर करू लागली की हळूहळू जवळून जा. मग अदलाबदल: तिच्याकडे साधं खेळणं, तुमच्याकडे भारी तुकडा, 'सोड', तुकडा दिला आणि खेळणंही परत दिलं. हे फक्त मोठ्यांनी करायचं. तोवर ती खात असताना मुलगा दुसऱ्या खोलीत.

एकदा व्हेटकडे कान, दात आणि सांधे तपासून घ्या. दुखणं असलं की गरीब कुत्रंही चिडतं. रेबीजची लस झाली आहे ना, तेही बघा. नवा ट्रेनर शोधाल तेव्हा विचारा, 'कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?' उत्तरात झटका किंवा साखळी आली तर चहा पाजून निरोप द्या.

दीड महिना म्हणजे काहीच नाही हो. बिचकलेली कुत्री खुलायला तीन-चार महिने सहज घेतात. तोवर आवारात तिला मोकळी सोडू नका. हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या आणि त्याला आठ-दहा मीटरची दोरी लावा, गळपट्ट्याला नाही, पळताना मानेला हिसका बसतो. दोरी जमिनीवर लोळू दे, ती हुंगत फिरू दे. सुती घ्या. नायलॉनची हातातून सरकली की तळहात सोलून निघतो.