सगळी वर्तुळं समरूप, पण सिद्ध कसं करायचं?

प्रश्न: सर नमस्कार, मुलगी दहावीत आहे. त्रिकोणांच्या समरूपतेच्या कसोट्या तिला येतात, पण सगळी वर्तुळं समरूप असतात हे नुसतं मानून पुढे जायला ती तयार नाही. वर्तुळाला ना कोन ना बाजू, मग दाखवायचं काय?
– एक पालक, वेंगुर्ला

उत्तर: ताई, मुलगी अगदी योग्य जागी अडलीय. दोन्ही गोल दिसतात म्हणून समरूप, हे उत्तर नव्हेच, लंबवर्तुळंही एकसारखीच वाटतात पण ४ आणि २ अक्षांचं लंबवर्तुळ ४ आणि ३ वाल्याशी समरूप नसतं. त्रिकोणाच्या कसोट्या बाजूला ठेवा. एक आकृती सरकवून, फिरवून, उलटवून आणि सगळीकडून सारख्याच पटीत लहानमोठी करून दुसरीवर तंतोतंत बसली की समरूप, एवढंच धरा.

ओहोटीला तिला किनाऱ्यावर न्या, ओल्या वाळूत खुंटी आणि सुंभ एवढं पुरे. अ केंद्र धरून २ फूट त्रिज्येचं वर्तुळ काढा, तिथून ९ फुटांवर ब केंद्र धरून ५ फुटांचं. आता मनातल्या मनात लहान वर्तुळ उचलून अ हा ब वर येईल असं सरकवा आणि ब पासूनची सगळी अंतरं अडीचपट करा, म्हणजे २ फुटांवरचा प्रत्येक बिंदू त्याच दिशेने ५ फुटांवर जातो, मोठ्या वर्तुळावरच पडतो. इथे थांबू नका हं, अर्धंच झालंय! मोठ्या वर्तुळावर एखादी जागा रिकामी राहिली नाही कशावरून? म्हणून उलटं जा, मोठ्यावरचा कुठलाही बिंदू घेऊन त्याचं अंतर २/५ पट करा, तो लहानावर सापडतोच. झालं सिद्ध. २ आणि ५ च्या जागी कुठल्याही त्रिज्या चालतील, पट म्हणजे दुसरी भागिले पहिली. परिघ आणि व्यास दोन्ही त्याच पटीत वाढतात, म्हणून तर परिघ भागिले व्यास हे गुणोत्तर, म्हणजे पाय (π), प्रत्येक वर्तुळात तेच येतं.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, सरकवायचीसुद्धा गरज नाही. ब पासून अ कडे जाणारी रेघ अ च्या पलीकडे ६ फूट वाढवा, तिथे ओ. ओ पासून अ ६ फूट, ब १५, बरोब्बर अडीचपट. ओ ला सुंभ बांधून लहान वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूवरून सरळ ताणा, अंतर अडीचपट झालं की टोक मोठ्या वर्तुळावर! दोन्ही वर्तुळांना बाहेरून स्पर्श करणाऱ्या दोन रेघाही ओ लाच मिळतात, काढून बघायला सांगा तिला. त्रिज्या सारख्या असतील तर मात्र असा ओ मिळत नाही, रेघा समांतर जातात, तिथे नुसतं सरकवलं की काम होतं.