दगडावरचं नाव, घरातलं नाव

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही लिंगायत, राहायला कोल्हापुरात शुक्रवार पेठेत. मूळ गाव आजरा तालुक्यात, डोंगरकडेला. तिथलं शेत आजोबांनीच विकलं होतं. यंदा शिवरात्रीनंतर आम्ही दोघे भाऊ गेलो, तेव्हा आताच्या मालकांनी काजूच्या बागेत करवंदीच्या जाळीमागे पाच समाध्या दाखवल्या. "ही तुमचीच माणसं," म्हणाले. चार दगड कोरे आहेत. पाचव्यावर बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, एका बाईचं नाव आणि खाली 'शके १८_१ विकारीनाम संवत्सरे मार्गशीर्ष'. मधला आकडा उडालाय, फोटो सोबत आहे. आमच्या वंशावळीत हे नाव कुठंच नाही. ती कोण, कसं शोधायचं? भाऊ म्हणतो, सगळ्या समाध्यांना सिमेंटनं फरशी बसवू. बसवावी का?

उत्तर : फरशीचं आधी सांगते. बसवू नका. सिमेंटखाली दगडात ओल कोंडते आणि थोडी उरलेली अक्षरंही सुटून येतात. आमच्याकडे गडहिंग्लजजवळ हिरण्यकेशीच्या काठी माझ्या पणजीची समाधी आहे. घरातल्या एकानं भक्तीनं तिला ऑइल पेंट दिला. अक्षरं रंगानं भरली, ती आजतागायत नीट वाचता येत नाहीत. शिवाय जमीन आता तुमची नाही. मालकांनी जपलंय, जाळी तोडली नाही, हेच मोठं आहे. त्यांना विचारल्याशिवाय एक दगडही हलवू नका.

आता आकडा. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं, म्हणून विकारी संवत्सर शके १७६१, १८२१, १८८१ असं साठ-साठ वर्षांनी येतं. तुमच्या '१८_१' मध्ये १८२१ आणि १८८१ दोन्ही बसतात. पण १८८१ म्हणजे १९५९ साल. तेव्हाचं माणूस तुमच्या वडिलांच्या पिढीला आठवलं असतं आणि शेताच्या मालकांनाही नाव ठाऊक असतं. म्हणून मी १८२१ धरते. त्यातला मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर १८९९. तो प्लेगचा काळ, लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. समाधी गावाच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या स्मशानभूमीत, न होता शेतात का, याचं एक कारण तिथं असू शकेल. पण नुसत्या सालावरून ती प्लेगनं गेली असं मात्र लिहून ठेवू नका.

एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून, हातात इष्टलिंग ठेवून, बेल-विभूती वाहून पुरतात. वर बहुतेकदा साधा दगड, नाव कुणी कोरत नाही. चार कोरे दगड हीच रीत. मग या एकीचं नाव कोरायला पाथरवटाला पैसे कोणी दिले? ज्यानं दिले त्याला ती फार जवळची होती.

कागद म्हणाल तर तुमची पहिली चूक कोल्हापूर संस्थानाचं दफ्तर उलगडण्याची होईल. आजरा महाल इचलकरंजी जहागिरीत होता, त्यामुळे जहागिरीचे कागद कुठं आहेत ते विचारा. (चंदगडवाल्यांनीही लक्षात ठेवावं : तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता.) तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावाचे जुने फेरफार, कडईपत्रक (हाही जमिनीचा जुना कागद) आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, मागा. मी याच महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून सांगते : गट नंबर नव्हे, जुना सर्व्हे नंबर घेऊन जा. गट नंतर पडले. कागद मोडीत निघाला तर घाबरू नका, कोल्हापुरात मोडी वाचणारे आहेत.

पण बाईचं नाव फेरफारात शोधायला बसाल तर निराशा होईल. तेव्हा जमीन सहसा बाईच्या नावावर चढत नव्हती. वंशावळीतही मुलगे, नातू, पणतू एवढेच; बायका नाहीतच. तुमच्या कागदात नाव नाही याचा अर्थ ती तुमची नव्हती असा होत नाही.

तिला घरातच शोधा. आपल्यात नातीला आजीचं नाव ठेवतात. १८९९ नंतर जन्मलेल्या मुलींची नावं काढा : आजोबांच्या बहिणी, चुलत बहिणी, त्यांच्या लेकी. माझ्या पणजीचं तसंच झालं. आमच्या घरात एक आड एक पिढीत तेच नाव येत होतं, का ते कुणी सांगत नव्हतं. नदीकाठचा दगड पाहिल्यावर उलगडलं. म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माहेरवाशिणीला आधी गाठा, पुरुषांना नंतर. ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐका.

आणि हेळव्यांना, म्हणजे वंशावळी सांगणाऱ्यांना, विसरू नका. सुगीनंतर ते त्या भागात फिरतात, घराघराची पिढीवार नावं त्यांच्या वहीत असतात, बरीचशी कन्नडमध्ये. गावातल्या भावकीला सांगून ठेवा, हेळवी आले की फोन करा. आले की मानाचं धान्य-पैसे देऊन वाचायला लावा. त्यांच्या वहीतही बाई सापडेलच असं नाही, पण ज्या घरातून सून आली ते घर कधीकधी सापडतं.

पुढच्या वेळी पावसाळ्याआधी जा, मालकांना बरोबर घ्या. त्या बाजूला गवे उतरतात, हत्तीही येतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, तारेचा ब्रश नको. उन्हं तिरपी असतात तेव्हा, सकाळी आठच्या आत, एका बाजूनं फोटो काढा. नावाच्या खाली उजवीकडे आणखी दोन अक्षरं असावीत, तुमच्या फोटोत त्यांची सावली दिसते. तेवढा फोटो जवळून काढून मला पाठवा. तिथं कोरवून घेणाऱ्याचं नाव असू शकेल.