ग्रोथ फॅक्टरचा इन्सुलिनशी काय संबंध?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, आईला शुगर आहे. ग्लुकोज वाढलं की इन्सुलिन सुटतं एवढंच क्लासमध्ये शिकवलं, पण एका व्हिडिओत म्हणाले की नर्व्ह ग्रोथ फॅक्टर पण लागतो. नर्व्हचं स्वादुपिंडात काय काम? आणि त्याचं इंजेक्शन आईला चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर: व्हिडिओवाल्याने फेकलेली नाहीये. आधी क्लासमधलं बघू. जेवल्यावर रक्तातली साखर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरते, तिथे एटीपी (पेशीचं इंधन) वाढतं, त्याने पोटॅशियमचे चॅनल बंद होतात (आई ग्लिमेपिराइड घेत असेल तर ती गोळीही हेच चॅनल बंद करते), मग कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पुड्या पेशीच्या कडेला येऊन बाहेर रिकाम्या होतात. पण कडेपर्यंत पोचायचं कसं? तिथे आतून ॲक्टिन नावाच्या प्रोटीनची जाळी असते, विसर्जन मिरवणुकीला लावतात तसलं बॅरिकेडिंगच म्हण ना, ते सरकल्याशिवाय बऱ्याच पुड्या मागेच अडकून राहतात.

इथे एनजीएफ, म्हणजे तुझा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, येतो. रीता लेव्ही-मोंताल्चिनी बाईंना ज्याच्यासाठी 1986 चं नोबेल मिळालं तोच हा, आणि तेव्हा तो मज्जापेशी वाढवणारा, जगवणारा म्हणूनच माहीत होता. 2016 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने उंदरांवर दाखवलं की साखर वाढली की बीटा पेशींना लागून असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून एनजीएफ सुटतो, बीटा पेशीवरच्या ट्रक-ए रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) चिकटतो, दोघं मिळून पेशीच्या आत जातात आणि तिथून जाळी सैल करायचा निरोप निघतो, आणि हे सगळं काही मिनिटांत, म्हणजे पेशी वाढवण्याचा इथे काही विषयच नाही. ज्या उंदरांमधून एनजीएफ किंवा ट्रक-ए काढलं त्यांचं इन्सुलिन कमी सुटलं, शुगर चढलेली राहिली.

सगळेच ग्रोथ फॅक्टर इन्सुलिन वाढवतात असं मात्र समजू नकोस, आयजीएफ-1 (इन्सुलिनसारखाच दिसणारा एक ग्रोथ फॅक्टर) टोचला तर माणसात इन्सुलिन सुटणं उलट कमी होतं.

इंजेक्शनचं म्हणशील तर अजिबात नाही! एनजीएफ टोचलेल्या लोकांना तिथे दिवसेंदिवस दुखत राहतं, इतकं की सांधेदुखीवर औषध म्हणून एनजीएफला अडवणारी अँटिबॉडी करून बघितली गेली. डायबेटीसवर एनजीएफचं कुठलंही मान्य औषध नाही, कोणी विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठव.

आणि बोर्डाच्या पेपरात एटीपी, कॅल्शियम एवढंच लिही, एनजीएफला मार्क नाहीत.